अमेरिकेतील ‘डॉक्टरांची टंचाई असलेले क्षेत्र’ नेमके कोणत्या निकषांवर ठरते?

पांथस्थ यांचा प्रश्न

नमस्कार. मी ओहायोमध्ये इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या (एमबीबीएसनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. जे-वन व्हिसावर असल्यामुळे रेसिडेन्सी संपल्यावर एकतर दोन वर्षे भारतात परतावे लागेल, नाहीतर सरकारने डॉक्टरांची टंचाई असल्याचे जाहीर केलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या बोलीवर त्या अटीतून सूट, म्हणजे ज्याला आपण सगळे वेव्हर म्हणतो ती, मिळवावी लागेल. इथल्या बऱ्याच जणांनी हा रस्ता तुडवलेला आहे, म्हणून हा प्रश्न इथेच विचारतो आहे.

सध्या माझ्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. पहिली केंटकीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातल्या एका लहान गावातल्या दवाखान्यात आहे आणि दुसरी शिकागो शहराच्या हद्दीतल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रात. दोन्ही जागा ‘हिप्सा’मध्ये, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या टंचाई क्षेत्रात, मोडतात, असे दोन्हीकडच्या वकिलांनी कळवले आहे. मात्र गावाला १४ गुण आहेत आणि शिकागोच्या केंद्राला १९. आमच्या रेसिडेन्सीतल्या समजुतीप्रमाणे गुण जितके जास्त तितकी टंचाई जास्त. ज्या केंद्रापासून बसने वीस मिनिटांत मोठे विद्यापीठ रुग्णालय गाठता येते तिथे टंचाई जास्त, आणि जिथून हृदयरोगतज्ज्ञाकडे जायला दीड तास घाट उतरावा लागतो तिथे कमी, हे माझ्या पचनी पडलेले नाही. शिवाय केंटकीच्या दवाखान्यात मी मुलाखतीला गेलो तेव्हा तिथे तीन नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या उच्चप्रशिक्षित परिचारिका) पूर्णवेळ रुग्ण तपासत होत्या, एक ज्येष्ठ डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत होते, आणि माझ्याआधी वेव्हरवर आलेला एक तरुण डॉक्टरही होता. मग कागदावरची टंचाई मोजतात कशी, ती मोजतो कोण, आणि मी करारावर सही केल्यावर ती जागा यादीतून वगळली गेली तर माझे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आकडेमोड यांचे उत्तर

मी एका राज्याच्या आरोग्य खात्यातील प्राथमिक सेवा कार्यालयात काही वर्षे हेच काम करत होते, त्यामुळे जरा लांबण लावते आहे, सांभाळून घ्यावे.

अर्ज राज्याचे कार्यालय तयार करते आणि निर्णय ‘हर्सा’ ही केंद्र सरकारची संस्था घेते. टंचाई प्राथमिक वैद्यकीय सेवा, दंतवैद्यक आणि मानसिक आरोग्य या तीन शाखांसाठी वेगवेगळी मोजतात, आणि प्रत्येक शाखेत क्षेत्राचे प्रकारही तीन असतात. एखादा संपूर्ण भूभाग, त्या भूभागातला एखादा लोकसमूह (उदाहरणार्थ कमी उत्पन्नाचे रहिवासी किंवा हंगामी शेतमजूर), किंवा एखादी संस्था. तुमच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथेच आहे. केंटकीतली नोंद बहुधा भूभागाची असावी आणि शिकागोची संस्थेची. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना हा दर्जा कायद्यानेच आपोआप मिळतो. त्यांचे गुण काढताना शहरात एकूण डॉक्टर किती हे पाहत नाहीत, तर त्या केंद्राकडे येणाऱ्या गरीब रुग्णवर्गाला प्रत्यक्षात किती डॉक्टर उपलब्ध आहेत हे पाहतात. विद्यापीठ रुग्णालय बसने वीस मिनिटांवर असले तरी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, रुग्णाला वेळ कधी मिळते, हे रेसिडेन्सीत असताना तुम्ही पाहिलेच असेल.

आता भूभागाचा हिशेब. उंबरठा साधा आहे: एका पूर्णवेळ प्राथमिक डॉक्टरमागे ३,५०० किंवा त्याहून अधिक लोकसंख्या. त्या भागात गरजच असाधारण असेल, म्हणजे समजा २० टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली असतील, तर हा उंबरठा ३,००० वर येतो. ‘पूर्णवेळ’ म्हणजे आठवड्याला ४० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा. डोकी मोजली जात नाहीत, तास मोजले जातात, आणि मोजणीत फक्त फॅमिली मेडिसिन, जनरल प्रॅक्टिस, इंटर्नल मेडिसिन, बालरोग आणि स्त्रीरोग-प्रसूती या शाखांचे डॉक्टरच येतात.

एक काल्पनिक काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) घेऊ, लोकसंख्या १०,०००. एक फॅमिली डॉक्टर पूर्णवेळ आहेत, त्यांचा १. तुम्ही पाहिलेत तसे ज्येष्ठ डॉक्टर दोन दिवस येतात, १६ तास, म्हणून ०.४. शेजारच्या शहरातून बालरोगतज्ज्ञ एक दिवस येतात, ०.२. स्त्रीरोगतज्ज्ञ अर्धवेळ आहेत, ०.५. तीन नर्स प्रॅक्टिशनर दिवसभर राबत असल्या तरी त्यांचे शून्य, कारण या मोजणीत नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक) धरलेच जात नाहीत. आणि वेव्हरवरच्या त्या तरुण डॉक्टरचेही शून्य. परदेशात शिकलेला आणि अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेला डॉक्टर नियमानुसार मोजणीतून वगळला जातो. बेरीज २.१ आली, म्हणजे एका डॉक्टरमागे सुमारे ४,७६० माणसे. टंचाई सिद्ध झाली.

एवढ्याने मात्र भागत नाही. शेजारच्या भागांतले डॉक्टर या लोकांना उपयोगी पडत नाहीत हेही दाखवावे लागते. एकतर ते अर्ध्या तासाहून अधिक अंतरावर हवेत, नाहीतर त्यांच्यावरच आधी पुरेसा भार हवा, नाहीतर गरिबी किंवा भाषेसारखी काही आडकाठी दाखवता यायला हवी. अर्ध्या तासाचेही ठरलेले माप आहे: साधारण रस्त्यावर २० मैल, डोंगराळ भागात १५ मैल, महामार्गावर २५ मैल. पूर्व केंटकीतल्या काउंट्यांना हे १५ मैलांचे माप फार उपयोगी पडते.

गुणांचा विषय यापुढचा आहे. क्षेत्र पात्र ठरल्यानंतरच गुण काढतात. प्राथमिक सेवेसाठी ते ० ते २५ असतात: लोकसंख्या आणि डॉक्टर यांच्या प्रमाणाला दुप्पट वजन देऊन १०, गरिबीला ५, अर्भकमृत्यू किंवा कमी वजनाच्या बाळांच्या जन्माला ५, आणि क्षेत्राबाहेरच्या सर्वांत जवळच्या सेवेपर्यंतच्या प्रवासाला ५. दंतवैद्यकात कमाल गुण २६ असतात आणि त्यातला एक गुण गावच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड आहे की नाही यावर ठरतो. हा तपशील मला अजूनही गमतीचा वाटतो. मुळात हे गुण ठरवले गेले ते ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ने आपले डॉक्टर आधी कुठे पाठवायचे याचा क्रम लावण्यासाठी. ती योजना शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाची परतफेड देते, पण फक्त अमेरिकी नागरिकांना, त्यामुळे तुमचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. तुमच्या कामाचा आकडा एकच: आरोग्य मंत्रालयामार्फत वेव्हर घ्यायचा असेल तर किमान ७ गुण लागतात. तुमच्या दोन्ही जागा त्याच्या बऱ्याच वर आहेत. राज्यांमार्फत मिळणाऱ्या कॉनराड वेव्हरला केंद्र सरकारने गुणांची किमान मर्यादा घातलेली नाही. काही राज्ये मात्र आपापले प्राधान्यक्रम लावतात.

डोंगरवाट यांचे उत्तर

आकडेमोड यांनी हिशेब इतका स्वच्छ मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. मी स्वतः असाच वेव्हर घेऊन ग्रामीण भागात काम केले आणि मुदत संपल्यावरही तिथेच राहिलो, त्यामुळे त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे, गुणांवरून नोकरीची परीक्षा करू नका. १९ गुणांच्या केंद्रात तुमच्या मदतीला दुभाषे, समाजसेवक, मधुमेहाच्या परिचारिका आणि औषधे स्वस्तात देणारी फार्मसी असू शकते, आणि १४ गुणांच्या दवाखान्यात दुपारी चारला छातीत दुखणारा रुग्ण आला तर हेलिकॉप्टर बोलवायचे की रुग्णवाहिकेने पाठवायचे हे ठरवायला तुम्ही एकटेच असू शकता. उलटही घडते. आमच्याकडे हिवाळ्यात धुके दाटले की हेलिकॉप्टर येत नसे. अशा वेळी रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याचा निर्णय दूरच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलून आपल्यालाच घ्यावा लागे, आणि इंजेक्शन दिल्यावर परिचारिकेला रुग्णवाहिकेत रुग्णासोबत बसवून पाठवले की उरलेल्या दवाखान्यासाठी परिचारिकाच उरत नसे. यातले काहीही गुणांत उतरत नाही. कारण गुण लोकांची गरज मोजतात, तुमच्या पाठीशी कोण उभे आहे हे मोजत नाहीत. करारात ऑन-कॉलच्या रात्री किती, रजेवर गेलात तर बदली कोण, आणि ४० तासांत कागदपत्रांचा वेळ धरलेला आहे की नाही, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासने फार गोड असतात. वेव्हरवरच्या डॉक्टरला तीन वर्षांत नोकरी बदलणे जड जाते हे मालकालाही पक्के माहीत असते, आणि काही मालक, सगळे नव्हे, त्याचा फायदा उचलतात.

दुसरी गोष्ट आकडेमोड यांनी सहज ओलांडली, पण मला ती या सगळ्या व्यवस्थेची मेख वाटते. टंचाई भरून काढायला ज्याला आणले, तो डॉक्टर टंचाईच्या हिशेबात धरतच नाहीत. त्यामागचे कारण चुकीचे नाही: वेव्हरवाल्याला मोजले तर तो आल्याबरोबर टंचाई संपेल, क्षेत्राचा दर्जा जाईल, आणि तीन वर्षांनी तो निघून गेला की गाव पुन्हा होते तिथेच येईल. पण समजा तो गेला नाही. आकडेमोड यांच्याच काउंटीत त्या तरुण डॉक्टरला ग्रीन कार्ड मिळाले की बेरीज २.१ वरून ३.१ होईल आणि प्रमाण ३,२२६ वर येईल. म्हणजे गरिबीमुळे ३,००० चा सवलतीचा उंबरठा लागू असेल तरच दर्जा टिकेल. त्यात बालरोगतज्ज्ञाने आठवड्याचे आणखी १२ तास वाढवले, की बेरीज ३.४, प्रमाण ३,००० च्या खाली, आणि दर्जा गेला. पाठोपाठ त्या भागातल्या डॉक्टरांना मेडिकेअरकडून (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याकडून) मिळणारी १० टक्के वाढीव रक्कम जाते आणि पुढच्या वेव्हरवाल्यासाठी दारही बंद होते. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर एका रात्रीत काहीच बदललेले नसते. राहणारा डॉक्टर गावाला महाग पडतो आणि जाणारा स्वस्त, असा हा उफराटा हिशेब आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत तो आणखी विचित्र होतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना इतकी वर्षे थांबावे लागते की तोवर हा डॉक्टर गावातल्या एका पिढीचा रक्तदाब सांभाळून मोकळा होतो, आणि तरीही सरकारी तक्त्यात त्याच्यापुढे शून्यच असते. टंचाई क्षेत्रात एकूण पाच वर्षे काम करणाऱ्या डॉक्टरांना ‘राष्ट्रहिताच्या’ आधारावर ग्रीन कार्डाचा अर्ज करण्याची वेगळी तरतूद आहे, तिचा विचार आत्तापासून करा. तिने रांग टळत नाही, पण रांगेतली जागा लवकर धरता येते.

वर्ध्याचा_वैद्य यांचे उत्तर

चर्चा वाचून एक शंका आली. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्या असा आहे. तिकडे एका डॉक्टरमागे ३,५०० माणसे झाली की टंचाई जाहीर होते, हे वाचून मेळघाटात काम केलेल्या आमच्यासारख्यांना हसावे की रडावे कळत नाही. की मी भलत्याच दोन गोष्टींची तुलना करतो आहे?

आकडेमोड यांचे उत्तर

वैद्यबुवा, तुलना थोडी भलतीच आहे, पण शंका रास्त आहे. आपल्याकडचा आकडा सरकारने किती लोकांमागे केंद्र बांधावे याचा आहे. त्या परिसरात खासगी डॉक्टर किती आहेत हे त्यात पाहिले जात नाही. इथे सरकार केंद्र बांधत नाही. खासगी, धर्मादाय असे सगळे डॉक्टर मोजून जिथे बाजारव्यवस्था पोहोचलेली नाही तो भाग फक्त निश्चित केला जातो, आणि मग पैसा, कर्जमाफी आणि व्हिसा यांची आमिषे दाखवून डॉक्टरांना तिकडे वळवले जाते. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाचा बाँड असतो आणि दुर्गम भागातल्या सेवेसाठी पदव्युत्तर प्रवेशात वाढीव गुण मिळतात. त्यातला बाँडचा भाग बळजबरीचा आहे, गुणांचा भाग आमिषाचा. अमेरिकेत बळजबरी फक्त जे-वनवाल्यांच्या वाट्याला येते, आणि तीही मागच्या दाराने.

३,५०० हा आकडा जुना आहे, हे मात्र खरे. आजचे निकष १९८० पासून मुळात तसेच आहेत. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये सरकारने नवे निकष प्रस्तावित केले, दोन्ही वेळा इतका विरोध झाला की ते बारगळले. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार सर्व हितसंबंधीयांची समिती बसवली, तिने २०११ मध्ये अहवाल दिला, पण एकमत काही झाले नाही. नर्स प्रॅक्टिशनरना मोजावे की नाही हा त्यातला एक मोठा वादाचा मुद्दा होता. मोजले नाही तर टंचाई फुगते, मोजले तर शेकडो ग्रामीण काउंट्या एका फटक्यात यादीबाहेर जातात, आणि आपल्या मतदारसंघातला दवाखाना यादीबाहेर काढणारे मत कोणता खासदार देईल?

पांथस्थ

सर्वांचे मनापासून आभार. हर्साच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहिले. शिकागोची नोंद संस्थेचीच निघाली. केंटकीची भूभागाची आहे, पण तिच्यासमोर ‘मागे घेण्याचे प्रस्तावित’ असा शेरा दिसतो. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना विचारले तर ते म्हणाले, ‘हे असे अधूनमधून येत असते, काळजी करू नका.’ खरे सांगायचे तर माझा कल केंटकीकडे आहे, कारण तिथे हव्या तशा पूर्ण व्याप्तीच्या इंटर्नल मेडिसिनची संधी आहे. आता काय करावे?

आकडेमोड यांचे उत्तर

व्यवस्थापकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तो शेरा आला म्हणून दर्जा लगेच जात नाही. हर्साची अंतिम यादी ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात, साधारण दरवर्षी १ जुलैच्या सुमारास, प्रसिद्ध होईपर्यंत ती नोंद पूर्णपणे वैध असते, आणि मधल्या काळात राज्याच्या कार्यालयाने नवी माहिती दिली तर शेरा निघूनही जाऊ शकतो. पण काळजी करू नका हे त्यांनी सांगणे वेगळे आणि तुम्ही न करणे वेगळे. तुमचा अर्ज विचारात घेतला जातो त्या वेळी दर्जा वैध असणे महत्त्वाचे आहे. नंतर तो गेला म्हणून मिळालेला वेव्हर सहसा धोक्यात येत नाही, मात्र तुमच्या बाबतीतली खात्री वकिलाकडून लेखी करून घ्या. म्हणजे तुमची खरी शर्यत तारखांशी आहे. कॉनराडचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि प्रत्येक राज्याला वर्षाकाठी ३० च जागा असतात. केंटकीच्या कार्यालयात दूरध्वनी करून त्या काउंटीचा फेरआढावा कोणत्या टप्प्यावर आहे हे सरळ विचारा. ते लोक उत्तर देतात. आम्हाला तर असे दूरध्वनी आलेले आवडायचे, कारण एरवी आम्ही आहोत हेच कोणाला माहीत नसते.

आणखी एक. तो दवाखाना प्रमाणित ग्रामीण आरोग्य केंद्र असेल आणि मेडिकेडचे रुग्ण स्वीकारून उत्पन्नानुसार शुल्क आकारत असेल, तर तो संस्था म्हणून स्वतंत्रपणे दर्जा घेऊ शकतो. मग भूभागाची नोंद गेली तरी बिघडत नाही. हे काम व्यवस्थापकांचे आहे, पण त्यांना ते सुचले असेलच असे धरून चालू नका. याशिवाय ‘वैद्यकीय सेवेपासून वंचित क्षेत्र’ अशी एक वेगळी यादीही आहे. तिचा निर्देशांक ० ते १०० असतो आणि ६२ किंवा त्याहून कमी आला की क्षेत्र पात्र ठरते. कॉनराडसाठी तीही चालते. गंमत म्हणजे तिचा ठरावीक काळाने फेरआढावा घेण्याचे बंधन नसल्यामुळे तिच्यातल्या कित्येक नोंदी दशकानुदशके जशाच्या तशा आहेत. त्याच संकेतस्थळावर तोच पत्ता टाकून तीही पाहा.

डोंगरवाट यांचे उत्तर

पूर्व केंटकी ॲपलेशियन प्रादेशिक आयोगाच्या (त्या डोंगराळ पट्ट्याच्या विकासासाठीच्या सरकारी संस्थेच्या) कक्षेत येते, आणि तो आयोग राज्याच्या ३० जागांखेरीज स्वतंत्रपणे वेव्हरची शिफारस करतो. पण त्यांना हिप्साच लागतो, वंचित क्षेत्राची नोंद तिथे चालत नाही. त्यामुळे आकडेमोड म्हणतात तो संस्थेचा दर्जा मिळवता आला तर दोन्ही दारे उघडी राहतील. व्यवस्थापकांना हे याच आठवड्यात ईमेलने लिहा, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत शिकागोवाल्यांना नकार कळवू नका.